यजमान कोण, पाहुणा कोण

मालकीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना ओपन सोर्सवाल्यांच्या मेळाव्यात येऊ द्यावं की नाही, हा वाद पुण्या-बंगळुरात गेली वीसेक वर्षं चालू आहे. तिथे तो घालणं परवडतं. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आधी होता. मॉडेल कॉलनीत, आतुर सेंटरमधल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा ‘ग्नूनिफाय’ त्या गटाच्या आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या जोरावर उभा राहिला. घर आधी बांधून झालेलं होतं, त्यामुळे आलेल्या पाहुण्याला ओसरीवर बसवायचं की माजघरात न्यायचं, हे घरचे लोक ठरवू शकत होते.

रायपुरात क्रम उलटा आहे. इथल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातला ‘ओपन सोर्स’चा कार्यक्रम बघा. कार्यक्रम घेणारा विद्यार्थ्यांचा क्लब बहुधा मुळातच कुठल्या तरी कंपनीच्या नावाचा असतो. गूगलचे डेव्हलपर ग्रुप, मायक्रोसॉफ्टचे स्टुडंट अँबॅसडर, गिटहबचे कॅम्पस एक्स्पर्ट ही रचना देशभर पसरलेली आहे. अशा कार्यक्रमात दारावरच क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन केला की फॉर्म उघडतो आणि फॉर्म भरायला कंपनीचं खातं लागतं. गळ्यात पट्टा येतो, लॅपटॉपवर स्टिकर चिकटतो. बंगळूर किंवा हैदराबादहून आलेला वक्ता पहिली दहा मिनिटं लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स आणि सहकाराची महती सांगतो आणि उरलेला पाऊण तास कंपनीच्या क्लाउडवर खातं कसं उघडायचं ते दाखवतो. संध्याकाळी मुलं प्रमाणपत्र, टी-शर्ट आणि काही महिन्यांपुरतं फुकटचं क्लाउड क्रेडिट घेऊन हॉस्टेलवर परततात. दिवसभरात कुणी एकाही प्रकल्पाचा कोड उघडून वाचलेला नसतो. इथे कंपनीला आत घ्यावं का, हा प्रश्न उद्भवतच नाही. कंपनीने आपल्याला आत घेतलेलं असतं.

यावर नाक मुरडणं सोपं आहे, पुण्यात बसून तर फारच सोपं. पण धमतरीहून किंवा महासमुंदहून शिकायला आलेल्या मुलीला सॉफ्टवेअर बनवणारं माणूस समोरासमोर पहिल्यांदा दिसतं ते याच दिवशी, आणि ते दिसतं कारण कंपनीने त्याचं विमानाचं तिकीट काढलेलं असतं. तिला बहिष्काराचं तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नाही. बहिष्कार घालायलाही आधी आपलं असं काहीतरी असावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या शहरांत भांडण पाहुण्याशी नाहीच, घर नसण्याशी आहे. जिथे यजमान पक्का होता तिथे बड्या कंपनीच्या येण्याने फारसं बिघडलं नाही, उलट काही बरंच झालं. जिथे यजमान नव्हता तिथे भल्या हेतूनेही नुकसान झालं.

टी-शर्टाचीच गोष्ट घ्या. क्लाउड सेवा विकणारी डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. ओपन सोर्स प्रकल्पांना चार बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. २०२० मध्ये एका भारतीय यूट्यूब वाहिनीवर हे कसं झटपट करायचं त्याचं प्रात्यक्षिक झळकलं आणि जगभरच्या प्रकल्पांवर फुटकळ बदलांचा पूर आला. कुणी ‘रीडमी’ फाइलीत एक विशेषण वाढवलं, कुणी शीर्षकाला ‘अमेझिंग’ जोडलं. फुकट राबणारे प्रकल्पांचे सांभाळकर्ते रात्री बसून ते नाकारत होते. शेवटी ज्या प्रकल्पांची इच्छा असेल त्यांनीच सहभागी व्हावं, असा नियम कंपनीला ऐन ऑक्टोबरात करावा लागला. भारतीय मुलांची तेव्हा भरपूर टिंगल झाली. मला त्या मुलांपेक्षा त्या व्यवस्थेचा राग येतो, जिने त्यांना बक्षीस आधी दाखवलं आणि काम दाखवलंच नाही. त्यांच्या गावात शेजारी बसून ‘हा बदल पाठवू नकोस, आधी ही चूक कुठे आहे ते शोध’ असं सांगणारं कुणी असतं, तर त्यातल्या शंभरांपैकी दहा तरी आज कुठल्याशा प्रकल्पात रुळली असती.

कंपन्यांविषयीचा जुना संशय मात्र हवेतला नव्हता. १९९८ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टची काही अंतर्गत टिपणं फुटली. ‘हॅलोवीन दस्तऐवज’ म्हणून ती प्रसिद्ध आहेत आणि लिनक्स हा धोका मानून त्याला अडवायचं कसं, याचा विचार त्यांत आहे. २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सरची उपमा दिली. पुढे कंपनीच्या ओओएक्सएमएल या दस्तऐवजाच्या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक करायची वेळ आली, तेव्हा २००७ आणि २००८ अशा दोन्ही वेळांना भारताने विरोधी मत दिलं. मानक तरीही मंजूर झालं. मग वारं फिरलं. २००८ मध्ये तीच कंपनी अपाचे फाउंडेशनची प्रायोजक झाली, २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची प्लॅटिनम सदस्य आणि २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब या कोड ठेवायच्या साइटची मालक. मधल्या काळात हृदयपरिवर्तन झालं असं काही मला वाटत नाही. विकायची वस्तू बदलली. खोक्यातलं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला लिनक्स शत्रू वाटणारच. भाड्याने सर्व्हर देणाऱ्याला तो हवाच असतो, कारण त्या सर्व्हरवर गिऱ्हाइकं मोठ्या प्रमाणावर लिनक्सच चालवतात.

या सगळ्यात २००९ ची एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. त्या जुलैत मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या गाभ्यासाठी सुमारे २०,००० ओळींचा कोड जीपीएल या, जोडलेला कोडही मोकळा करायला लावणाऱ्या परवान्याखाली दिला. कौतुक झालं. थोड्याच दिवसांत असं बाहेर आलं की हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्याच आभासी यंत्रप्रणालीसाठीच्या त्या ड्रायव्हरमध्ये जीपीएलखालचे काही भाग बंद भागांना जोडलेले होते, आणि व्याटा नावाच्या कंपनीतल्या एका अभियंत्याच्या ते नजरेस आल्यावर पडद्याआड हालचाली झाल्या होत्या. आपण त्यासाठी कोड दिला नाही, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं. म्हणो बापडी. परवान्यात दात नसते तर तो कोड तेव्हा आणि तसा बाहेर आला असता असं मानायला माझं मन तयार नाही. परिषदेतल्या स्टॉलवर हस्तांदोलनं होतात, पण देवाणघेवाण कशाची आणि किती, हे त्या स्टॉलच्या बऱ्याच आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या अटींनी ठरतं.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांनी अशा अटी मेळाव्यांनाच लावल्या. वर्डकॅम्प हा त्यांचा मेळावा नागपुरात झाला आहे, पुण्या-मुंबईत अनेकदा झाला आहे. त्याचा नियम असा की वर्डप्रेसवर आधारलेली थीम किंवा प्लगइन विकणारा माणूस तिथे बोलणार असेल, प्रायोजक होणार असेल, तर त्याचा माल पूर्णपणे जीपीएलखाली हवा. २०१३ मध्ये थीमचा मोठा बाजार चालवणाऱ्या एन्वाटोवर आपल्या मालाचा काही भागच जीपीएलखाली ठेवून विकणाऱ्या एका डिझायनरला याच कारणाने बोलायला मनाई झाली. खूप आरडाओरडा झाला, आणि काही आठवड्यांतच एन्वाटोने विक्रेत्यांना पूर्ण जीपीएलचा पर्याय खुला केला. एका व्यासपीठाने बाजाराचा नियम हलवला. मेळाव्याच्या दारात ठेवलेली अट इतकं करू शकते.

पण याच घराची दुसरी बाजूही आहे. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर तोफ डागली आणि पाठोपाठ लेखात तिला वर्डप्रेसचा कॅन्सर म्हटलं. तेवीस वर्षांनी तीच उपमा, आता घरच्या माणसाच्या तोंडून. गंमत म्हणजे डब्ल्यूपी इंजिन त्याच मेळाव्याची प्रायोजक होती. ट्रेडमार्कपोटी उत्पन्नाच्या ८ टक्क्यांची मागणी झाली, अद्ययावत प्लगइन जिथून मिळतात त्या सर्व्हरचं दार बंद झालं, ऑक्टोबरात प्रकरण कोर्टात गेलं. मलनवेग स्वतः ऑटोमॅटिक कंपनीचे प्रमुख, आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही सगळ्यांची वाटणारी साइट त्यांच्या वैयक्तिक ताब्यातली. कोड शंभर टक्के मोकळा होता, परवाना स्वच्छ होता, तरी किल्ली एकाच खिशात होती. म्हणून ‘मालकीची कंपनी वाईट, ओपन सोर्स कंपनी चांगली’ ही वाटणी फार काळ उपयोगी पडत नाही. किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे मोजावं.

आता छत्तीसगडकडे येऊ. इथे दोन उदाहरणं आहेत आणि ती एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं संगणकाच्या पडद्याचं. २००७ च्या नोव्हेंबरात विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा केला. त्यानंतर दोनेक वर्षांत केडीई हे लिनक्सवरचं डेस्कटॉप छत्तीसगढीत आलं. त्यामागे होते रवी रतलामी या नावाने लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव. वीज मंडळात अभियंता राहिलेल्या या गृहस्थांनी लिनक्सच्या हिंदीकरणातही अनेक वर्षं खर्ची घातली होती. मेनू, बटणं, सूचना छत्तीसगढीत. ज्या भाषेत शाळेचं पुस्तक मिळणं मुश्कील, तिच्यात आख्खा संगणक! पण असं भाषांतर एकदा करून संपत नाही. दर नव्या आवृत्तीबरोबर शेकडो नवी वाक्यं येतात, जुनी बदलतात. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी जमणारी चार माणसं लागतात, भांडायला आणि शब्द ठरवायला. रायपुरात तसा गट उभा राहिला नाही आणि ते काम नव्या आवृत्त्यांच्या मागे पडत गेलं. इथे कुणी परका येऊन काही पळवून नेलं नाही. हेतू निर्मळ होता, परवाना मोकळा होता, फक्त घर नव्हतं.

दुसरं उदाहरण आवाजाचं. बस्तरच्या आदिवासी माणसाला आपली बातमी आपल्या भाषेत सांगायला जागा नव्हती. रेडिओवर बातम्या फक्त आकाशवाणीच्या, आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नव्हती. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर फिरवायचा. एक दाबलं की आपलं म्हणणं नोंदवायचं, दोन दाबलं की इतरांचं ऐकायचं. पुढे मिस्ड कॉल दिला की यंत्रणाच उलट फोन करायची, म्हणजे बोलणाऱ्याचे पैसे वाचले. हातपंप बिघडला, रोजगार हमीची मजुरी अडली, वनरक्षकाने पैसे मागितले, अशा गोष्टी त्यावर आल्या, संपादकांनी तपासल्या, अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. ही यंत्रणा ॲस्टरिस्क या ओपन सोर्स टेलिफोन सॉफ्टवेअरवर उभी होती. आणि ती उभी करणाऱ्यांत होते मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर प्रयोगशाळेतले संशोधक बिल थीस. ज्या कंपनीच्या प्रमुखाला लिनक्स कॅन्सर वाटला होता, तिच्याच पगारी संशोधकाने जीपीएलखालच्या सॉफ्टवेअरवर बस्तरला बोलतं केलं. कंपनी नावाची वस्तू एकसंध नसते, हे आपले शुद्धतावादी नेहमी विसरतात.

पुढे गोंडीचं काम आलं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक. भाषा बस्तरपासून आपल्या गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत आणि खाली तेलंगणापर्यंत पसरलेली, राज्याराज्यात वेगळी. सर्वांना चालेल असा शब्दसंग्रह ठरवायला गोंड माणसं ठिकठिकाणच्या कार्यशाळांतून एकत्र बसली. त्यात सीजीनेट, मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि नया रायपूरची ट्रिपल आयटी हे सारे जोडले गेले. ही ट्रिपल आयटी राज्य सरकार आणि एनटीपीसी यांनी मिळून २०१५ मध्ये काढलेली. शब्दकोश झाला, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याने मुलांच्या गोष्टी गोंडीत आल्या, गोंडी मजकूर ऐकवणारं ‘आदिवासी रेडिओ’ हे ॲप आलं. भाषांतराला मदत करणाऱ्या साधनाचा कोड मायक्रोसॉफ्टने गिटहबवर मोकळा ठेवला. २०२० च्या शोधनिबंधात हिशेब दिलेला आहे: १२,००० ला थोडे कमी इतके अनुवादित शब्द आणि वाक्यं, आणि पुढेही मदतीला येऊ शकतील अशी ६५० हून अधिक माणसं.

मला त्यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. वाक्यं कुठल्याही सर्व्हरवर राहतात, माणसं गावात राहतात. हे जमलं याचं कारण कंपनी चांगली होती एवढंच नाही. फोन करणारी, ऐकणारी, एकमेकांना ओळखणारी माणसं कंपनीच्या आधी आपल्या प्रश्नांसाठी जमलेली होती. कंपनी बड्या हाताची असली तरी पाहुणी म्हणून आली.

तरी इथेच एक नवा पेच आहे, जो पुण्याच्या जुन्या वादात नव्हता. तेव्हा प्रश्न कोडचा होता, आणि कोड मोकळा केला की तो सगळ्यांचा होतो. भाषेच्या बाबतीत तसं सरळ होत नाही. गोंडीची दहा हजार वाक्यं सर्वांसाठी मोकळी ठेवली तर त्यांतून यंत्र शिकवण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्यालाच ती खरी मोकळी. न्यूझीलंडमधल्या माओरींच्या ‘ते हिकू मीडिया’ने दहा दिवसांत तीनशेहून अधिक तास बोली ध्वनिमुद्रित केली आणि ती बाहेरच्या कंपन्यांना द्यायला चक्क नकार दिला. ‘काइतियाकितांगा’ नावाचा स्वतःचा परवाना त्यांनी लिहिला: आम्ही या आवाजाचे राखणदार आहोत, वापर आमच्या लोकांच्या भल्याचा असेल तरच. कट्टर ओपन सोर्सवाल्याच्या व्याख्येत हा परवाना बसत नाही. मला तो बसवून घ्यावासा वाटतो. मराठीतही २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी ग्रामीण आणि शहरी कमी उत्पन्नाच्या लोकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून मिळून, ३६ जणांचं १०९ तासांचं वाचन ध्वनिमुद्रित करवलं. गरीब बोलणाऱ्यांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. या कामाकडे त्यांनी गरिबांच्या जोडकमाईचं साधन म्हणूनही पाहिलं. आपल्या कॉलेजांतल्या ‘डेटा मेळाव्यां’त मात्र मुलं हेच काम पिझ्झ्यावर करतात आणि वर प्रमाणपत्र मिळालं म्हणून फोटो टाकतात.

पैसा घेतला की मिंधेपण येणारच, असं म्हणणाऱ्यांना मराठी माणसाने तरी कऱ्हाडची आठवण द्यावी. १९७५ च्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणीबाणी आणलेल्या सरकारातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्याच मांडवात त्यांनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सभेला प्रार्थनेचं आवाहन केलं. मांडव कुणाचा आणि माइक कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तिथे दिसलं. आणि यजमानपण रायपूरला परकं आहे असंही नाही. १९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपुरातच भरलं होतं, गंगाधर गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि मुंबई ग्राहक पंचायतीचे म्होरके असलेल्या गाडगीळांना, गिऱ्हाइकांची संघटना नसेल तर दुकानदाराचा चांगुलपणा किती टिकतो, हे वेगळं सांगावं लागलं नसतं. तात्यापारा आणि चौबे कॉलनीतल्या मूठभर मराठी कुटुंबांचं हे शहर आख्ख्या मराठी सारस्वताला जेवू घालू शकलं, तर तीस-चाळीस संगणकवाल्यांना महिन्यातून एका रविवारी बसायला जागा देणं अवघड नसावं.

पैशाचं फार कौतुक करू नये. स्वतःचं व्यापाराचं सॉफ्टवेअर उघडं न करणारी झिरोधा ही दलाली कंपनी २०२४ पासून वर्षाला दहा लाख डॉलर जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांना देते, आणि त्यासाठी कुणाला तिच्या नावाचा पट्टा गळ्यात घालावा लागत नाही. म्हणजे देणं आणि मिरवणं वेगळं करता येतं. रायपूरच्या गटाला तर सुरुवातीला एवढंही लागणार नाही. एक खोली, एक प्रोजेक्टर, चहा. आलेल्यांची यादी गटाच्या स्वतःच्या वहीत, कुणा कंपनीच्या फॉर्मात नाही. दर वेळी दुसरा माणूस बैठक चालवेल, म्हणजे किल्ली एका खिशात राहणार नाही. पहिलं काम तयारच आहे: छत्तीसगढी केडीईची मागे पडलेली वाक्यं, वीस-वीस वाटून घ्यायची. बिलासपूरचा मुलगा एक शब्द सुचवेल, दुर्गची मुलगी तो हाणून पाडेल.

पहिल्या काही बैठकांना कंपनीला बोलावू नये. पाचव्या-सहाव्या बैठकीला जरूर बोलवावं. तिकीट त्यांनी काढावं, विषय आपण द्यावा. क्लाउडवर खातं उघडण्याचा विषय नको, तो मुलांना झोपेत येतो. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला सांगावं की तुम्ही गिटहबवर ठेवलेलं ते भाषांतराचं साधन आमच्या चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट काढून, आमच्यासमोर चालवून दाखवा. चाललं नाही तर का चाललं नाही, ते बघायला समोर तीस जण बसलेलेच असतील.